जुना फ्लॅट विकताना: बघायला येणाऱ्यांसाठी घर कसं तयार करावं?

कर्वेपूल
कोथरूडमधला दोन बीएचके विकायचा आहे. बांधकाम १९९४ सालचं, कार्पेट ६५० चौरस फूट, तीन मजली इमारतीत दुसरा मजला, लिफ्ट नाही. फरशी मोझॅकची, ओटा ग्रॅनाइटचा, खिडक्या अॅल्युमिनियमच्या सरकत्या. मागच्या खोलीत बाथरूमला लागून असलेल्या भिंतीला पोपडे आले आहेत. बाकी घर ठीक. दिवाळीनंतर दाखवायला सुरुवात करायची आहे. एजंट म्हणतो मॉड्युलर किचन करून घ्या आणि सगळीकडे रंग मारा. खर्च कुठे करावा, कुठे करू नये, आणि कामांचा क्रम काय असावा? माहीतगारांनी कृपया सविस्तर लिहा.

चौकट
रंग सगळ्यात शेवटी. आधी त्या पोपड्यांचं मूळ शोधा. तीस वर्षं जुन्या घरात शिरणारा माणूस पहिल्यांदा ओल शोधतो. एक डाग दिसला की नंतर कितीही चांगलं दाखवलं तरी त्याची नजर छताकडेच जाते.

ओल भिंतीवर कुठे आहे यावरून बरंच कळतं. फरशीपासून दोन-तीन फुटांपर्यंतच असेल तर बाथरूमच्या टाइल्सचे सांधे किंवा नहाणीच्या (म्हणजे फरशीतल्या पाणी जायच्या तोंडाच्या) जाळीभोवतीची जागा, हा पहिला संशय. वरून खाली उतरत असेल तर वरच्या मजल्याचं बाथरूम. मधेच सरळ पट्ट्यात असेल तर भिंतीतला नळाचा पाइप. त्या काळात भिंतीत जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप गाडत असत. तो आट्यांपाशी गंजतो आणि थेंब थेंब गळतो.

तपासणीच्या तीन पद्धती आहेत.

पहिली म्हणजे फूटभर लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा कागद भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावून एक दिवस ठेवायचा. भिंतीकडच्या बाजूला पाणी जमलं तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला जमलं तर हवेतलं बाष्प थंड भिंतीवर धरतं आहे, म्हणजे तिथे वारा खेळत नाही. ही चाचणी पोपडे खरवडून काढल्यावर करा, नाहीतर सुटलेला रंगच मधे येतो.

दुसरी, नहाणीचं तोंड कापडाच्या बोळ्याने बंद करून बाथरूमच्या फरशीवर इंचभर पाणी २४ तास साठवायचं. खालच्या घरी आधी सांगून ठेवा आणि त्यांच्या छतावरही लक्ष ठेवा.

तिसरी पाइपसाठी. प्लंबर हातपंप लावून लाइनमध्ये दाब देतो आणि काटा अर्धा-पाऊण तास बघतो. काटा उतरला की गळती पाइपात. अशा वेळी भिंत फोडून जुना पाइप शोधत बसण्यापेक्षा डक्टमधून (पाइपांच्या उभ्या पोकळीतून) नवीन सीपीव्हीसी (प्लास्टिकच्या पाइपची) लाइन घ्या आणि जुनी दोन्हीकडून बूच मारून सोडून द्या. नळाला धार चांगली येते हा वरचा फायदा. जुन्या जीआयमध्ये आतून गंज साचून धार बारीक झालेली असते, आणि बघायला येणारा प्रत्येक जण एक तरी नळ सोडून बघतोच.

कर्वेपूल
धन्यवाद. ओल फरशीपासून साधारण अडीच फुटांपर्यंत आहे, म्हणजे सांधेच असावेत. पण एक प्रश्न. बाजारात वॉटरप्रूफ पुट्टी मिळते. ती लावून रंग मारला तर निदान सहा महिने टिकणार नाही का? तोवर व्यवहार होऊन जाईल.

चौकट
नाही टिकणार, आणि तसं करूही नये.

न टिकण्याचं कारण असं, की पाणी भिंतीच्या आत आहे. तुम्ही खोलीच्या बाजूने थर घट्ट केलात की ते बाहेर पडायला दुसरी जागा शोधतं. विटांमधले क्षार पाण्याबरोबर थराच्या मागे येऊन तिथेच स्फटिक धरतात आणि पुट्टी ढकलून फोडतात. काही आठवड्यांत फुगवटे येतात. बऱ्याचदा ते मूळ डागापासून फूटभर वर किंवा बाजूला येतात, म्हणजे डाग आधीपेक्षा मोठा दिसतो. वर ताज्या रंगाची एकच भिंत आणि बाकी घर जुनं असं दिसलं की मुरलेला ग्राहक नेमका तिथेच हात लावून बघतो.

करू नये, कारण मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२, कलम ५५. विक्रेत्याला माहीत असलेला आणि साध्या पाहणीत ग्राहकाला न दिसणारा महत्त्वाचा दोष सांगणं ही विक्रेत्याची जबाबदारी आहे. कायदा बाजूला ठेवला तरी समोरचा माणूस आयुष्याची पुंजी घालतो आहे. त्याला ओली भिंत रंगवून देणं बरोबर नाही.

नीट दुरुस्ती अशी: बाथरूमच्या टाइल्समधलं जुनं सिमेंट किमान ३ मिमी खोल खरवडून काढायचं, सांधे पूर्ण वाळू द्यायचे आणि इपॉक्सी ग्राउट (पाणी न शोषणारं सांध्यांचं भरण) भरायचं. भिंत आणि फरशी मिळते तो कोपरा आणि नहाणीच्या जाळीची कड यांवर जास्त लक्ष द्या. नव्वद टक्के कारागीर तिथेच घाई करतात. चोवीस तास पाणी बंद. मग वर लिहिलेली पाणी साठवण्याची चाचणी पुन्हा.

खोलीच्या बाजूने प्लास्टर ठोकून बघा. पोकळ वाजेल तेवढं विटेपर्यंत काढा. पांढरा शोरा कोरड्या ब्रशने झाडून काढायचा. पाण्याने धुतला तर तो विरघळून परत आत जातो. मग १:४ चं (सिमेंट एक, वाळू चार) प्लास्टर, वॉटरप्रूफिंग कंपाउंड मिसळून, सात दिवस पाणी मारून. त्यानंतर रंगापूर्वी भिंत साधारण महिनाभर सुकू द्यायची. इथेच लोक घाई करतात आणि पैसे वाया घालवतात. दिवाळीनंतर दाखवायचं असेल तर हे काम पाऊस ओसरताच सुरू करा, म्हणजे ऑक्टोबरच्या उन्हात भिंत सुकेल. पितृपक्षात तसेही बरेच जण घर बघायला बाहेर पडत नाहीत, ते दिवस कामाला चांगले.

दुरुस्तीचं बिल आणि फोडलेल्या भिंतीचे फोटो जपून ठेवा. ग्राहकाने विचारलं की थेट पुढे करायचे. "इथे ओल होती, कारण हे होतं, काम हे केलं." याचा परिणाम कोऱ्या भिंतीपेक्षा जास्त चांगला होतो.

ओटाबाई
मॉड्युलर किचन अजिबात करू नका! नवीन मालकीण आली की स्वयंपाकघर सगळ्यात आधी स्वतःच्या मनासारखं करून घेते. तुमचा खर्च किमतीत वसूल होत नाही. ग्रॅनाइटचा ओटा आहे ना, मग तो घासून लख्ख करा, सिंकखालचा गळका सायफन बदला, ओट्याच्या आणि टाइल्सच्या मधली काळी पडलेली फट खरवडून पुन्हा भरा, ट्रॉल्यांचे अडकणारे चॅनल बदला. एवढं पुरतं. गॅस शेगडीजवळच्या टाइल्सवरचा चिकट पिवळा थर धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने सुटतो. चिमणीच्या स्टीलच्या जाळ्याही त्यातच भिजवा, पण जाळी अॅल्युमिनियमची असेल तर सोडा लावू नका, काळी पडते. तिला भांड्यांचा साबण आणि गरम पाणी.

मोजपट्टी
चौकट यांनी ओलीचं सगळं लिहिलंच आहे. मी उजेड आणि रंगाचं लिहितो.

तीसेक वर्षं जुन्या घरांचा खरा शत्रू अंधार असतो, आणि त्यावरचा उपाय स्वस्त आहे. आधी मच्छरजाळ्या काढून धुवा. धुळीने भरलेली जाळी किती उजेड अडवते ते जाळी काढल्यावरच कळतं. फाटली असेल तर नवीन बसवा. काचा दोन्ही बाजूंनी पुसा. खिडकीचा खालचा ट्रॅक व्हॅक्यूमने किंवा जुन्या टूथब्रशने साफ करा. त्याला बाहेरच्या बाजूने पाणी जाण्यासाठी छोटी भोकं असतात, ती मातीने बुजतात आणि मग पावसाचं पाणी आत येऊन खिडकीखालची भिंत ओली होते. बारीक तार घालून मोकळी करा आणि मगभर पाणी ओतून बाहेर जातं का बघा. रोलर झिजले असतील तर बदला. एका बोटाने सरकणारी खिडकी घराबद्दल खूप काही सांगते.

दिवे. बारा बाय पंधराच्या हॉलला साधारण ३००० ल्युमेन (उजेडाचं माप) लागतात. नऊ वॉटचा एलईडी बल्ब सुमारे ९०० ल्युमेन देतो, म्हणजे तीन ते चार बल्ब. सगळे एकाच छटेचे घ्या. एक पिवळा, एक निळसर पांढरा असं असलं की खोली मळकट दिसते. माझी पसंती ४००० केल्विन (उजेडाच्या छटेचं माप). ६५०० केल्विनच्या निळसर उजेडात भिंतीवरचा प्रत्येक उंचसखलपणा उठून दिसतो.

रंगाचा अंदाज असा, की भिंती आणि छत मिळून कार्पेटच्या तीन ते साडेतीनपट. तुमच्याकडे ६५० म्हणजे साधारण २००० ते २३०० चौरस फूट. चांगलं इमल्शन दोन हातांना लिटरमागे १२० ते १४० चौरस फूट जातं, म्हणजे वीस लिटरची एक बादली पुरते. सगळीकडे एकच फिकट पांढरा, छत शुभ्र. एका भिंतीला गडद रंग मारायचा मोह टाळा. दोन वेगवेगळ्या बॅचच्या बादल्या घेऊ नका, आणि घ्याव्याच लागल्या तर एकत्र मिसळून वापरा.

सगळं घर रंगवायचं नसेल तर हॉल आणि पॅसेज पूर्ण रंगवा. मधेच ठिगळ लावू नका. जुन्या रंगाच्या शेजारी तीच छटा कधीच जुळत नाही, कारण जुनी पिवळी पडलेली असते.

गेरू
मोजपट्टी, एक भर. मोझॅकचं पॉलिश रंगाच्या आधी! मशीन चालताना चिखलाचे शिंतोडे भिंतीवर फूटभर उडतात. क्रम असा: प्लंबिंग, प्लास्टर, मोझॅक पॉलिश, रंग, मग स्विचच्या पट्ट्या आणि शेवटी सफाई. भिंत सुकण्याचा महिना चालू असतानाच पॉलिश करून घ्या, म्हणजे वेळ वाया जात नाही.

पॉलिशआधी फरशीतले खड्डे पांढरं सिमेंट आणि जुळणारा रंग मिसळून भरायचे आणि दोन दिवस सुकू द्यायचे. दगड जाडापासून बारीकपर्यंत सगळे फिरवायला लावा, ६० पासून ४०० पर्यंत. मधले दगड गाळले की ओली असताना चमकते आणि वाळल्यावर ओरखडे दिसतात. शेवटी ऑक्झॅलिक पावडरचा हात. निघालेली चिखलपेस्ट बादलीत भरून बाहेर टाकायला सांगा. कामगार ती नहाणीत लोटतात. ती आत घट्ट बसते आणि नंतर पाणी तुंबतं.

तीस वर्षांची मोझॅक पॉलिश करून जी दिसते, ती स्वस्तातल्या नव्या टाइल्सपेक्षा खूप सुंदर असते. वरून टाइल्स चिकटवू नका, दारं खालून तासावी लागतात आणि बाथरूमचा उंबरा बुटका होतो.

निर्मळ
वासाबद्दल कुणी लिहिलं नाही. घरात राहणाऱ्याला स्वतःच्या घराचा वास येत नाही, म्हणून बाहेरच्या कुणाला तरी बोलावून विचारा. घर बंद असेल तर वास बहुतेक नहाणीतून येतो. ट्रॅपमधलं (वास अडवणाऱ्या वाकड्या पाइपातलं) पाणी उडून गेलं की ड्रेनेजची हवा सरळ आत. प्रत्येक नहाणीत आणि बेसिनमध्ये मगभर पाणी ओता, वर चमचाभर गोडं तेल. तेलाच्या थरामुळे पाणी लवकर उडत नाही. कमोडही फ्लश करा.

कपाटं भिंतीपासून तीन-चार इंच पुढे ओढा, मागे बुरशी असते. डांबरगोळ्या काढून टाका. तो वास आला की लोकांना वाटतं काहीतरी झाकलंय. उदबत्ती, रूम फ्रेशनर यांचंही तेच. ग्राहक यायच्या तासभर आधी समोरासमोरच्या खिडक्या उघडा, तेवढं पुरे. त्या दिवशी सकाळी सुकट-बोंबील तेवढे नकोत.

नळांवरचे पांढरे डाग: व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं अर्धा तास गुंडाळून ठेवा, मग मऊ ब्रश. शॉवरला पिशवी बांधून तसंच.

गेरू
व्हिनेगर फक्त स्टील आणि क्रोमच्या नळांना. त्याचा थेंब मोझॅकवर, कोटा फरशीवर, शहाबादीवर किंवा संगमरवरावर पडू देऊ नका. या सगळ्यांत चुना असतो, आम्लाने चमक जाऊन पांढरट ठिपके पडतात. खाली जुनं फडकं अंथरा. बाथरूमच्या ॲसिडचं तर नावच नको, नळाचं क्रोम जातं आणि इपॉक्सी नसलेले सांधे खाल्ले जातात. ॲसिड आणि ब्लीच कधीही एकत्र नाही, त्यातून क्लोरीन वायू निघतो.

दस्तऐवज
घर आवडल्यावर ग्राहक पुढचा प्रश्न कागदांचा विचारतो. तिथे "बघून सांगतो" म्हटलं की आधीची सगळी मेहनत पातळ होते. एक फाइल तयार ठेवा आणि पहिल्या भेटीतच टेबलावर असू द्या. फक्त झेरॉक्स, मूळ कागद नाही.

फाइलमध्ये बिल्डरपासून तुमच्यापर्यंतचे सगळे करारनामे साखळीने, प्रत्येकाची नोंदणी पावती आणि सूची दोन (इंडेक्स टू, नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा उतारा). सोसायटीचं भागपत्र (शेअर सर्टिफिकेट), तुमच्या नावाची नोंद झालेली बाजू दिसेल असं. भोगवटा प्रमाणपत्र, मंजूर नकाशा, चालू वर्षाची मिळकतकर पावती, वीजबिल, सोसायटीचा ना-थकबाकी दाखला. सोसायटीचं अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर होणं) झालं असेल तर त्याची प्रत जरूर लावा, जुन्या इमारतीत पुनर्विकासाचा विचार करणारा ग्राहक हे विचारतोच. जुना करारनामा हरवला असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत आताच मागवा. पोलिसांत तक्रार आणि वृत्तपत्रातली नोटीसही लागते, त्याला वेळ जातो.

मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष घर पडताळून बघा. बंद केलेली बाल्कनी, स्वयंपाकघरात घेतलेली कोरडी बाल्कनी, पाडलेली भिंत हे बँकेचा मूल्यांकक लिहितो आणि ग्राहकाचं कर्ज अडतं. आधी सांगितलेलं चालतं, कर्जाच्या टप्प्यावर निघालं तर व्यवहार मोडतो. क्षेत्रफळही जुन्या बिल्टअपमध्ये (भिंतींसकट मोजलेलं) सांगू नका. कार्पेट टेपने मोजून सांगा.

एका पानावर ग्राहकाचा एकूण खर्च लिहून ठेवा. समजा करार ९० लाखांचा. पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ६,३०,०००. खरेदीदार फक्त महिला असेल तर ६ टक्के, ५,४०,०००. नोंदणी फी १ टक्का पण कमाल ३०,०००. शुल्क करारातली किंमत आणि रेडीरेकनरची (सरकारी दराची) किंमत यांतल्या मोठ्या आकड्यावर लागतं. किंमत ५० लाख किंवा जास्त असल्याने ग्राहक १ टक्का टीडीएस कापून भरेल, इथे ९०,०००. तो तुमच्या पैशातून जातो आणि तुमच्या पॅनवर जमा होतो. सोसायटीचं हस्तांतरण अधिमूल्य (प्रीमियम) महापालिका क्षेत्रात कमाल २५,०००. त्याशिवाय हस्तांतरण फी ५०० आणि प्रवेश फी १००. याउप्पर "देणगी" मागितली जात असेल तर ती नियमात नाही. अधिमूल्य कोण भरणार हे आधी ठरवा, निम्मं-निम्मं करण्याची पद्धत आहे.

कर्ज चालू असेल तर बँकेकडून शिल्लक रकमेचं आणि त्यांच्याकडच्या मूळ कागदांच्या यादीचं पत्र घ्या. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत देणं रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बंधनकारक आहे, उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. ग्राहकाला हे सांगितलं की त्याची अर्धी भीती जाते.

दूरदेशी
आम्ही परदेशात आहोत, पुण्यातला फ्लॅट बंद आहे. दाखवायला भाऊ आहे. आमच्या बाबतीत वेगळं काय?

दस्तऐवज
दूरदेशी, दोन गोष्टी. भावाच्या नावे कुलमुखत्यारपत्र भारतीय दूतावासात साक्षांकित करून पाठवा आणि ते भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत इथे त्यावर मुद्रांक भरून घ्या. विक्रीचे, करारावर सही करण्याचे आणि नोंदणीला हजर राहण्याचे अधिकार त्यात स्पष्ट लिहिलेले हवेत, मोघम नको. दुसरं, विक्रेता अनिवासी असेल तर टीडीएसची ५० लाखांची मर्यादा आणि १ टक्का लागू होत नाही, कपात बरीच मोठी असते. कमी कपातीचं प्रमाणपत्र प्राप्तिकर खात्याकडून आधी घेऊन ठेवा आणि ग्राहकाला पहिल्याच भेटीत सांगा.

बंद घरासाठी निर्मळ यांनी सांगितलेलं नहाणीचं पाणी दर पंधरा दिवसांनी. वीज तोडू नका. अंधारात टॉर्चने दाखवलेलं घर कुणी घेत नाही.

ओटाबाई
प्रत्यक्ष दाखवायच्या दिवसाबद्दल. हॉलमधलं एक-तृतीयांश सामान आधीच हलवा, पॅसेजमध्ये तीन फूट मोकळे हवेत. माळ्यावरची खोकी उतरवा, माळा ही जुन्या घराची जमेची बाजू आहे, ती दिसू द्या. देव्हारा आहे तसा राहू द्या. फ्रिजवरचे कागद, दारामागचे कपडे, बाथरूममधल्या बादल्या मात्र काढा. पंखे दाखवताना चालू हवेत, आणि घरघर करत असतील तर कॅपॅसिटर किंवा बेअरिंग आधीच बदला.

घरातल्या एकानेच बोलायचं. ग्राहकाला खोल्यांमधून स्वतः फिरू द्या, मागे मागे जाऊ नका. नवरा-बायकोला आपसात बोलायला जागा हवी असते.

पाणी किती वेळ येतं, टँकर लागतो का, शेजार कसा, हे विचारणारच. खरं सांगा. खोटं सांगितलं तर जिन्यात भेटलेला शेजारी दोन मिनिटांत खरं सांगतो.

मोजपट्टी
वेळ निवडा. हॉल पूर्वेला असेल तर सकाळी नऊ ते अकरा, पश्चिमेला असेल तर दुपारी चार ते साडेपाच. एकदा संध्याकाळी बघायचं म्हणाले तर नाही म्हणू नका, सगळे दिवे आधी लावून ठेवा.

फोटो काढताना खोलीच्या दारात उभं राहून, मोबाइल छातीच्या उंचीवर सरळ धरून. अल्ट्रावाइडने काढले तर दहा बाय दहाची खोली पंधराची दिसते आणि प्रत्यक्षात आल्यावर निराशा होते. त्यापेक्षा साध्या लेन्सने काढा आणि सोबत हाताने काढलेला नकाशा द्या: प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी आतून, दारं-खिडक्यांच्या जागा आणि उत्तर दिशेचा बाण. वास्तू बघणारे दिशा विचारतातच. मोबाइलचा कंपास लोखंडी ग्रिलजवळ चुकतो, खोलीच्या मधे उभं राहून घ्या.

चौकट
जिना विसरू नका. तुमच्याकडे लिफ्ट नाही, म्हणजे ग्राहक प्रत्येक पायरी बघत वर येणार. कठडा हलत असेल, दिवा गेला असेल, डक्टमध्ये कबुतरांची घाण असेल, तर सोसायटीशी बोलून आधी करून घ्या. घाण कोरडी झाडू नका, पाणी मारून, मास्क लावून काढायची. दाराबाहेरची चपलांची रांग आत घ्या. मुख्य दाराची कडी एका हाताने लागली पाहिजे. बिजागरीचे स्क्रू भोकात फिरत असतील तर जास्त लांबीचे घाला. पावसात फुगलेलं दार लगेच रंधू नका, नोव्हेंबरात ते आपोआप आटतं आणि मग फट राहते.

कर्वेपूल
सगळ्यांचे मनापासून आभार. किचनचा विचार सोडला, सांध्यांचं काम पाऊस थांबला की लगेच. एक शेवटचं: खाली स्टिल्टमध्ये (इमारतीखाली खांबांमधल्या मोकळ्या जागेत) एक गाडी लावतो. जाहिरातीत "पार्किंगसह" लिहू का?

दस्तऐवज
आधी सोसायटीचं वाटपपत्र आहे का बघा. बिल्डरला स्टिल्ट किंवा मोकळं पार्किंग वेगळं विकता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा निकाल आहे. त्यामुळे तुमच्या जुन्या करारात पार्किंग लिहिलेलं असलं तरी तेवढ्यावर विसंबू नका. वाटपपत्र असेल आणि जागा नव्या सभासदाकडे चालू राहील असं सोसायटी लेखी देत असेल, तर "सोसायटीने दिलेली एक स्टिल्ट जागा" असं लिहा आणि ते पत्र फाइलमध्ये लावा. दरवर्षी चिठ्ठ्या टाकून वाटप होत असेल तर जाहिरातीत पार्किंगचा उल्लेख नको. भेटीत पद्धत समजावून सांगा आणि फ्लॅटच्या किमतीत त्याचे वेगळे पैसे धरू नका.